वाटून घेतलेली भीमा

जून सरत आला की सोलापूर जिल्ह्यात चहाच्या टपरीवर, बाजार समितीत, साखर कारखान्याच्या गेटवर एकच चौकशी सुरू होते: उजनी प्लसमध्ये आली का? डोक्यावरचं आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी त्याची एवढी चिंता नसते. पाऊस मावळात, मुळशीत, वेल्ह्यात, भीमाशंकरच्या डोंगरात पडायला हवा. खडकवासल्यातून किती सोडलं, बंडगार्डनला किती आलं, दौंडचा विसर्ग किती क्यूसेक झाला, हे आकडे मोबाइलवर फिरत राहतात. दौंडचा आकडा चढला की माढा-मोहोळातल्या शेतकऱ्याच्या जिवात जीव येतो.

प्लस आणि मायनस ही उजनीची खास भाषा आहे. या धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातलं साडेत्रेपन्न टीएमसी उपयुक्त साठा आणि उरलेलं त्रेसष्टच्या वर मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून जास्त धरण कागदोपत्री वापराच्या बाहेर. प्रत्यक्षात उपयुक्त साठा संपला की खालचं पाणीही उपसलं जातं आणि टक्केवारी शून्याखाली उतरते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती.

वरच्या अंगाला काय चाललं आहे याची इतकी बारीक खबर खालच्या अंगाची माणसं ठेवतात, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. नदीचं खोरं एक असतं, हे त्यांना कुठल्या अहवालानं शिकवावं लागलेलं नाही. तरीही गेल्या अडीचशे-पावणेतीनशे वर्षांत भीमेच्या खोऱ्याचा कारभार एकदाही एका हातात आलेला नाही. पिण्याचं पाणी एकानं घेतलं, शेतीचं दुसऱ्यानं, विजेचं तिसऱ्यानं, आणि वापरून झालेलं पाणी ज्याच्या वाट्याला यायचं त्याच्या वाट्याला आलं. पाण्याची टंचाई आणि पाण्यातली घाण या दोन वेगळ्या अडचणी आहेत असं समजून दोन वेगळी खाती काम करत राहिली. भीमेचा इतिहास नीट पाहिला तर त्या दोन्ही एकाच वाटणीतून आलेल्या दिसतात.

भीमा भीमाशंकरला उगम पावते आणि सुमारे ८६१ किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. वाटेत तुळापूरला इंद्रायणी येते, रांजणगाव सांडसला मुळा-मुठा, मग घोड, नरसिंगपूरला नीरा, पुढे माण आणि सीना. मुळशी-ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. पुण्यात तो सातशेवर येतो आणि इंदापूर-पंढरपूरकडे पाचशे-सहाशेवर. खोऱ्याचं जवळजवळ सगळं पाणी पश्चिमेच्या एका चिंचोळ्या पट्टीत पडतं आणि सगळी तहान पूर्वेला पसरलेली आहे. या दोहोंना जोडणारी एकच गोष्ट, ती म्हणजे नदी. जुन्या कागदपत्रांत मुलूखही नदीच्या नावानंच ओळखला जाई: गोदेकाठची गंगथडी, भीमेकाठची भीमथडी. भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांचं घोडदळ उभं राहिलं, ते याच कुरणांच्या जोरावर.

पुण्याची पहिली मोठी पाणीयोजना मुळात नदीवर नव्हतीच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या डोंगराखाली तलाव बांधून तिथलं पाणी शहरात आणलं गेलं. त्यासाठी जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ काढला, माणूस आत उतरून साफ करू शकेल एवढा मोठा. ठरावीक अंतरावर हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास ठेवले. पाणी आपल्या उताराने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत यायचं. काळा हौद, नाना हौद ही त्यांतली नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. हौद भरला की पाणी पुढच्या हौदाला जायचं. उपसा नाही, साठवणीचा हव्यास नाही, आणि माणशी मिळणारं पाणी बेताचंच, त्यामुळे सांडपाणीही बेताचं. मुठा शेजारून वाहत होती आणि तिच्याकडून शहराला फार काही घ्यायचं नव्हतं.

याचा अर्थ तेव्हाची नदी सगळीकडे निर्मळ होती असा काढणं मात्र चुकीचं ठरेल. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकीच्या साथी वारंवार उसळत, आणि चंद्रभागेचं, म्हणजे तिथल्या भीमेचं, वाळवंट व गावातली गर्दी याकडे सरकारी आरोग्य अधिकारी बोट दाखवत. फरक एवढाच की ती घाण पंढरपूरचीच होती. आषाढीची गर्दी पांगली आणि पूर येऊन गेला की वाळवंट धुऊन निघे. दोनशे किलोमीटर वरच्या शहराचा मैला पंढरपूरला पोचण्याची सोय अजून झालेली नव्हती.

ती सोय ज्या घटनेनं सुरू झाली, ती घटना तेव्हाच्या लोकांना निखळ वरदान वाटली, आणि अनेक अर्थांनी ती तशी होतीही. कर्नल फाइफ या लष्करी इंजिनिअरच्या आखणीनुसार १८६९ मध्ये मुठेवर खडकवासल्याला दगडी धरण बांधायला सुरुवात झाली आणि १८७९ मध्ये ते पूर्ण झालं. पुणे शहराला आणि छावणीला पिण्याचं पाणी, आणि उजव्या कालव्यानं हवेली, दौंड, इंदापूरकडच्या कोरड्या जमिनीला सिंचन, असा त्याचा दुहेरी हेतू होता. बांधकाम चालू असतानाच १८७६-७७ चा दुष्काळ येऊन गेला, त्यात दख्खनची गावंच्या गावं उठली. कालव्याची गरज कुणाला पटवून देण्याची वेळच उरली नाही. नीरेचा डावा कालवा दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या हातांनी खणला गेला आणि १८८५ मध्ये त्यात पाणी सोडलं. त्याला वर्षभर पाणी मिळावं म्हणून भाटघरला धरण झालं. पुढे १९२८ मध्ये त्याच ठिकाणी लॉईड धरण नावाचं मोठं धरण उभं राहिलं.

कालव्याच्या या काळात एक आवाज वेगळा होता. जोतीराव फुले स्वतः बांधकामाच्या कंत्राटात होते, दगडचुन्याचा हिशोब त्यांना ठाऊक होता. १८८३ मध्ये लिहून पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी पाटबंधारे खात्यावर सडकून टीका केली, कारण पट्टी वसूल होत होती पण शेतकऱ्याच्या पिकाला पाणी वेळेवर मिळेलच याची जबाबदारी कुणी घेत नव्हतं. त्याच पुस्तकात त्यांनी डोंगरउतारावर ठिकठिकाणी ताली आणि बंधारे घालायला सांगितलं. पावसाचं पाणी आधी शेतात मुरावं, माती आणि खत वाहून जाऊ नये आणि मगच ते ओढ्यानाल्याला मिळावं, अशी त्यामागची कल्पना. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाण्याचा विचार करणारा हा भीमेच्या खोऱ्यातला पहिला छापील मजकूर नसेलही, पण सर्वांत नेमका आहे. पाणलोट हा शब्द सरकारी योजनांत रुळायला त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं गेली.

फुल्यांची तक्रार खोटी नव्हती हे लवकरच दिसलं. कालव्याच्या हेडला, म्हणजे मुखाशी असलेल्या गावांनी ऊस लावला आणि पाणी मुरवून मुरवून घेतलं, टेलची, म्हणजे शेवटाकडची गावं वाट बघत राहिली. त्या वेळी पुण्यात असलेले इंजिनिअर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी एकोणिसावं शतक संपता संपता नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. पाणी सगळीकडे थोडं थोडं सांडण्यापेक्षा प्रत्येक गावात ठरावीक ब्लॉक पाडायचे आणि त्यांतच पिकांची पाळी फिरवायची: एका भागात ऊस, दुसऱ्यात भात, तिसऱ्यात कमी पाण्याची पिकं, पुढल्या वर्षी अदलाबदल. हेतू असा की पाणी जास्त गावांना मिळावं आणि जमीन दलदल होऊ नये. याच विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, त्यांचं पेटंट १९०३ चं आहे. धरण न वाढवता त्यात आठेक फूट जादा पाणी धरता आलं. पुणेकरांना दरवाजे आठवतात. ब्लॉक पद्धत कमी आठवते, आणि माझ्या मते त्यांचं मोठं काम तेच होतं, कारण त्यात पाण्याची वाटणी आणि जमिनीचं आरोग्य या दोहोंचा विचार एकत्र झाला होता.

ऊस मात्र तीन भागांतल्या एका भागात राहायला तयार नव्हता. सासवडचे माळी शेतकरी पाण्यामागे नीरेच्या कालव्यावर उतरले, खंडाने जमिनी घेऊन ऊस पिकवू लागले आणि १९३२ मध्ये अकलूजजवळ माळीनगरला त्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला. ही कर्तबगारीची गोष्ट आहे, तिचं मोल कमी करायचं कारण नाही. पण कालव्याखालच्या काळ्या जमिनीला निचरा नव्हता. पाणी वर येत गेलं, खार फुटला, पांढऱ्या थराखाली चांगल्या जमिनी चोपण झाल्या. कालव्याचं पाणी कमीत कमी कसं वापरावं याचा अभ्यास करण्यासाठी मुंबई सरकारनं १९१६ मध्ये एक खास सिंचन कक्ष काढला होता. पुढे त्यातूनच खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था वाढली. इंग्लिस या इंजिनिअरनं दख्खनच्या कालव्यांखाली जमिनी कशा बिघडतात याचा तेव्हाच अभ्यास मांडला. जास्त पाण्यानं होणारं नुकसान खात्याला ठाऊक नव्हतं असं म्हणायला म्हणूनच जागा नाही.

याच सुमारास खोऱ्याच्या माथ्यावर तिसरा वाटेकरी आला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी खाली कोकणात सोडलं तर वीज मिळते, हे गणित बांधून टाटांनी लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी अशी धरणं बांधली. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं. मग पाळी आली मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाची, मुळशीची. मावळ्यांच्या भातशेतीची बावन्न गावं त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती इथेच. 'जान किंवा जमीन' ही घोषणा देत शेतकरी कामावर बसले, तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला आणि मोडला. धरण झालं, भिरा वीजघर १९२७ मध्ये चालू झालं.

मुळशीचा इतिहास आपण विस्थापितांचा म्हणून वाचतो आणि तो तसा वाचलाच पाहिजे. त्यात आणखी एक पान आहे. भीमेकडे, पूर्वेला वाहणारं पाणी या धरणांनी उलटं फिरवलं आणि घाटाखाली कुंडलिकेसारख्या नद्यांत सोडलं, जिथं आधीच धो धो पाऊस पडतो. कृष्णा खोऱ्यातून टाटांच्या वीजघरांसाठी पश्चिमेला जाणारं हे पाणी वर्षाला सुमारे ४२ टीएमसी आहे. उजनीच्या उपयुक्त साठ्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. खोऱ्याचा सर्वांत ओला भाग खोऱ्यापासून तोडला गेला आणि त्या वेळी सोलापूरच्या एकाही गावाला कुणी विचारलं नाही. नदीचं खोरं एक धरून निर्णय घेणारी जागाच नव्हती, तर विचारणार कोण?

स्वातंत्र्यानंतर तशी जागा निर्माण करण्याचा प्रयत्न झाला. १९५६ मध्ये संसदेनं नदी मंडळ कायदा केला. आंतरराज्य नद्यांसाठी मंडळं नेमावीत, त्यांनी पूर, सिंचन, वीज, प्रदूषण या सगळ्यांचा एकत्र सल्ला द्यावा, असं त्यात होतं. त्या कायद्याखाली देशात एकही मंडळ स्थापन झालं नाही. मंडळाऐवजी आला लवाद. कृष्णेच्या पाण्यावर १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद बसला आणि त्यानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं. पण निवाड्याचा फेरविचार २००० सालानंतर होणार होता. तोवर जे पाणी अडवलं नसेल ते हातचं जाईल, या धास्तीनं धरणांची घाई सुरू झाली. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ जन्माला आलं ते याच धास्तीतून. नावात खोरं होतं आणि काम होतं मुदतीच्या आत पाणी अडवण्याचं.

मधल्या काळात पुण्यानं १२ जुलै १९६१ चा दिवस पाहिला. आंबी नदीवरचं पानशेत धरण पुरं झालेलं नसतानाच पावसाळ्यात भरू दिलं गेलं आणि सकाळी फुटलं. त्या लोंढ्यानं खडकवासल्याची भिंतही फोडली आणि अर्धं पुणं पाण्याखाली गेलं. शहरानं त्यातून धरणाच्या सुरक्षिततेचा धडा घेतला. नदीपात्रापासून हटून राहण्याचा धडा घेतला असं म्हणवत नाही. नदीकाठच्या उद्योगांना आणि बांधकामांना अंतराची अट घालणारं राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण २०१५ मध्ये रद्दच करून टाकण्यात आलं.

भीमेवर उजनीची भिंत १९८० मध्ये पुरी झाली. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली गावं पाण्यात गेली. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि लोक बघायला जमतात. गंमत बघण्याची ती जागा नाही, तिथं एक वसती होती. धरणाखाली मात्र माढा, पंढरपूर, मोहोळ, माळशिरसचं रूप बदललं. ऊस, केळी, डाळिंब आणि कारखान्यांमागून कारखाने आले. आणि इथंच खोऱ्याचे दोन हिशोब, टंचाईचा आणि घाणीचा, एकमेकांत पुरते मिसळले.

ते कसं, हे पाण्याच्या वाटेनं गेलं तर कळतं. पावसाळा संपला की खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना, मुळशी यांचे दरवाजे बंद होतात. धरणाखाली नदीत सोडायचं म्हणून फारसं पाणी ठेवलेलं नसतं. जे असतं ते शहराकडे किंवा कालव्याकडे जातं. पुण्याला मंजूर असलेला कोटा कित्येक वर्षं साडेअकरा टीएमसीचा होता, आणि प्रत्यक्ष वापर त्याच्या कितीतरी पुढे. शहर जेवढं पाणी घेतं त्यातलं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. त्यातलं काही शुद्ध होतं, काही अर्धवट, काही तसंच. म्हणजे डिसेंबर ते मे या महिन्यांत संगमाखाली मुळा-मुठेत जे वाहतं ते बहुतांशी शहराचं वापरलेलं पाणीच असतं. पवनेचं पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर पिंपरी-चिंचवड उचलतं आणि त्याच नदीत खाली सोडून देतं. इंद्रायणीच्या पात्रात आळंदीला पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगतात आणि माउलींच्या दर्शनाला आलेले वारकरी तो फेस हातानं बाजूला सारून स्नान करतात.

पुढे यवत, दौंड, भिगवण आणि मग उजनीचं थबकलेलं पाणी. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद तिथं साचतं, पाणी हिरवं होतं, जलपर्णी फोफावते. जाळ्यात येणाऱ्या माशांत चिलापीचाच भरणा असतो, कारण अशा पाण्यात टिकाव धरणारा तो मासा आहे. उन्हाळ्यात साठा जसा आटतो तसा घाणीचा अंश दाट होतो. वरून स्वच्छ पाणी येण्याचं प्रमाण कमी झालं म्हणजे टंचाई वाढते, आणि त्याच कारणानं प्रदूषणही वाढतं. यासाठी वेगळं गणित मांडावं लागत नाही.

सांडपाण्याची ही नदी आता हक्काची मानली जाऊ लागली आहे, हे मला सर्वांत गंभीर वाटतं. पुण्यानं जास्त पाणी उचललं, त्याच्या बदल्यात साडेसहा टीएमसी शुद्ध केलेलं पाणी शेतीला द्यावं, असं ठरलं आणि मुंढव्याला जॅकवेल बांधून ते जुन्या बेबी कालव्यात सोडलं गेलं. पुरंदर उपसा योजना मुळा-मुठेचं हेच पाणी उचलून डोंगरापलीकडच्या दुष्काळी गावांना देते. तहानलेल्या गावानं ते घेतलं, त्याला दोष कसा द्यायचा? पण पाण्याला येणारा वास आणि विहिरींत उतरणारं त्याचं पाणी यांचा जाब कुणाला विचारायचा, हे त्या गावांना आजही सांगता येत नाही. २०२१ मध्ये पुण्याहून उजनीत येणाऱ्या सांडपाण्यापोटी पाच टीएमसी इंदापूरकडे उचलण्याचा आदेश निघाला. सोलापूर जिल्हा पेटून उठला आणि महिन्याभरात तो मागे घ्यावा लागला. भांडण कुणाचं बरोबर, यापेक्षा भांडणाचा विषय पाहावा: एका शहराचा मैला हा दोन तालुक्यांमधल्या वाटणीचा ऐवज झाला होता.

अशाच वाटणीत मावळनं रक्त सांडलं. पिंपरी-चिंचवडसाठी पवना धरणातून थेट बंद नळ टाकायचं ठरलं, तेव्हा नदीतून येणारं पाणी बंद झालं तर काठच्या विहिरी आणि शेती मरेल म्हणून शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. शहराला नळातून स्वच्छ पाणी हवं होतं आणि खेड्याला वाहती नदी. दोन्ही मागण्या रास्त होत्या.

सोलापूर शहराची परवड तर नदीच्याच वाटेनं व्हायची. उजनीतून सोडलेलं पाणी शंभरावर किलोमीटर नदीतून वाहत औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांपर्यंत पोचवायचं, तिथून ते शहरासाठी उचलायचं. वाटेत कुणी उपसू नये म्हणून आवर्तनाच्या दिवसांत काठावरच्या मोटारींच्या विजेचे तास कापायचे. शहराला लागणार थोडं, सोडावं लागणार त्याच्या कितीतरी पट, आणि एवढं करून घरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. उजनीतून थेट शहरात येणाऱ्या समांतर जलवाहिनीची मागणी म्हणूनच इतकी वर्षं सोलापूरच्या राजकारणात पहिल्या नंबरावर राहिली.

एकत्र कारभार करायची दुसरी तऱ्हा या खोऱ्यात कुणी करून पाहिलीच नाही, असं मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे इंजिनिअर आणि उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले आणि नायगावला त्यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. नियम साधे आणि कडक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी द्यायचं, एका माणसाला अर्ध्या एकरापुरतं, एका कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. खर्चाचा ठरलेला हिस्सा लाभार्थ्यांनी आधी भरायचा आणि वाटप गावानं नेमलेल्या पाटकऱ्यानं करायचं. कऱ्हेच्या काठच्या या कोरड्या तालुक्यात, जिथं लोक गाव सोडून मजुरीला जात होते, तिथं ज्वारी, भाजीपाला आणि फळबागांवर कुटुंबं उभी राहिली. या प्रयोगाला मर्यादा होत्या, तो काही गावांपलीकडे फार पसरला नाही. कालव्यावरच्या ऊसवाल्या गावांना तो नियम मान्य होणार नव्हता आणि सरकारनंही तो कधी त्यांना लावून पाहिला नाही.

मोठ्या नदीवर असं जमतं याचा दाखला युरोपात आहे. जर्मनीत ऱ्हूर नदीच्या काठी कोळशाच्या खाणी, पोलाद कारखाने आणि शहरं दाटीवाटीनं वाढली, पाणी आटू आणि नासू लागलं, तेव्हा १९१३ मध्ये कायदा करून तिथल्या नगरपालिकांना आणि कारखानदारांना सक्तीनं संघांचे सभासद केलं. एका संघानं धरणं सांभाळायची, दुसऱ्यानं घाण पाणी, दोघांचा पैसा पाणी वापरणाऱ्यांकडून आणि घाण करणाऱ्यांकडून. हे दोन संघ पुढे एकत्रही झाले. मुळशीचा सत्याग्रह सुरू होण्याच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट.

महाराष्ट्रात कागद मागे राहिलेले नाहीत. केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधी पाच वर्षं, १९६९ मध्ये, राज्यानं पाणी प्रदूषणाचा कायदा केला आणि त्याखाली सप्टेंबर १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं १९९९ च्या अहवालात राज्याची खोरी-उपखोरी पाडून प्रत्येकाचा ताळेबंद मांडला आणि खोरेनिहाय कारभाराची शिफारस केली. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यात खोऱ्यांच्या एकात्मिक आराखड्याची सक्ती होती. पण नदीखोरे अभिकरण म्हणून त्या कायद्यानं नेमली ती आधीचीच पाटबंधारे महामंडळं. धरण बांधणारं आणि पाणी विकणारं खातंच पंच झालं. आराखडा मंजूर करायची राज्य जल परिषद पहिल्यांदा भरली ती २०१५ मध्ये, कायद्याला दहा वर्षं होत आल्यावर, तीही पाणीप्रश्नाचे अभ्यासक प्रदीप पुरंदरे यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्यानंतर. आराखडे त्यानंतर झाले, आधी गोदावरीचा, मग इतर खोऱ्यांचे.

नदी सफाईच्या योजनाही वेगळ्याच रस्त्यानं आल्या. पुण्याच्या मुळा-मुठेसाठी जपानी कर्जातून ९९० कोटींची योजना, अकरा शुद्धीकरण केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. करार २०१६ चा, आणि कामाला खरी सुरुवात व्हायलाच वर्षांमागून वर्षं गेली. त्याच साली अर्थसंकल्पात 'नमामि चंद्रभागा' जाहीर झालं आणि २०२२ पर्यंत चंद्रभागा निर्मळ करण्याचा शब्द दिला गेला. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यांतले सर्वांत जास्त, ५३, महाराष्ट्रात होते, आणि भीमा, मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, नीरा यांची नावं त्यात होती. पंढरपूरला नदी स्वच्छ करायची तर काम पुण्यात, पिंपरीत, कुरकुंभच्या आणि चाकणच्या कारखान्यांत करायला हवं, हे सगळ्यांना कळत होतं. पंढरपूरच्या योजनेच्या हाती मात्र त्या गावांवरचा अधिकार नव्हता.

दर वर्षी पावसाळा सरला की कालवा सल्लागार समित्या बसतात. खडकवासल्याच्या बैठकीत पुणे महापालिका, दौंड आणि इंदापूर यांच्यात आवर्तनं वाटली जातात. उजनीची बैठक वेगळी होते. तिथं सोलापूर जिल्ह्याची आवर्तनं ठरतात. टाटांच्या धरणांचं पाणी या दोन्ही बैठकांच्या विषयपत्रिकेवर नसतं, ते मुंबईत ठरतं. नदीतल्या घाणीचे आकडे प्रदूषण मंडळाकडे असतात, आणि नाल्यावरचं शुद्धीकरण केंद्र चालतं की बंद आहे हे महापालिकेला माहीत असतं. या सगळ्यांनी वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, एका टेबलाशी बसून मुळशीपासून औजपर्यंतचा एकच ताळेबंद मांडायचा, किती पाणी आलं, कोणी किती घेतलं, किती आणि कशा अवस्थेत परत केलं, आणि ज्यानं घाण परत केली त्याच्या पुढच्या वर्षीच्या कोट्यातून ते वजा करायचं, अशी सुरुवात करायला नवा कायदा लागत नाही. २००५ च्या कायद्यात पाण्याचे हक्क ठरवण्याचे अधिकार प्राधिकरणाकडे आहेत, प्रदूषण करणाऱ्यानं किंमत मोजावी हे तत्त्वही त्यात लिहिलेलं आहे, आणि भीमेच्या खोऱ्यातल्या बहुतेक धरणांवर पाणी मोजायची यंत्रं कधीच बसली आहेत.